कुमुदला दिसलेली बाई

मार्गशीर्षातली सकाळ होती. सोनसळी, शीतल, धुक्याच्या झिरझिरीत पदराआडून हसणारी. सुरूच्या बनातून गाळून आलेलं ऊन कॉलेजच्या उंच खिडक्यांतून उतरत होतं आणि प्रथम वर्षाच्या मराठीच्या वर्गात बाकांवर, वेण्यांवर, उघड्या पुस्तकांवर केशर सांडत होतं.

त्या केशरात शलाका बसली होती. पहिल्या बाकावर, ताठ, तेजस्विनी. वृत्तं तिच्या जिभेवर नाचत, अलंकार तिच्या ओठांशी उभे असत. सामंतबाईंनी विचारावं आणि शलाकेनं सांगावं, हा त्या वर्गाचा ऋतुक्रमच होता.

त्या दिवशीच्या कवितेत एक बाई होती. आटलेल्या विहिरीवरून रिती घागर घेऊन परतणारी. आणि तरीही भारानं वाकलेली.

"का वाकलीय ती?" बाईंनी विचारलं.

"विरोधाभास, बाई," शलाका म्हणाली.

"हं. आणखी कुणी?"

मागच्या बाकावरून कुमुद उठली. श्यामला, संकोचिनी, कधी न बोलणारी कुमुद. "बाई, घरी जाऊन सांगायचंय ना तिला... पाणी नाही म्हणून."

बाईंनी चष्मा काढला. "इतकी वर्षं शिकवतेय गं मी ही कविता," त्या हलकेच म्हणाल्या, "मला नव्हतं दिसलं हे."

शलाकेच्या काळजात काहीतरी पेटलं. ज्वाळा नाही, उजेड नाही. ओल्या लाकडाचा नुसता धूर, डोळ्यांत, कंठात, श्वासाश्वासात धूर.

दुपारी बाईंनी तिला व्हरांड्यात थांबवलं. "कुमुदला निरोप दे. संमेलनात ही कविता तिनंच वाचायची."

"सांगते, बाई."

सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "ती नको म्हणते. लाजते."

"मग तू वाच."

संमेलनाची संध्याकाळ आली. जास्वंदी, जांभळी, झेंडूच्या तोरणांनी झुलणारी. शलाकेनं कविता वाचली. त्या ओळीशी तिचा स्वर आपसूक खाली आला, थरथरला. कुमुदचा अर्थ तिच्या गळ्यातून बोलला. टाळ्या उसळल्या.

मंडपामागे कुमुदनं तिचा हात धरला. डोळे ओलावलेले. "किती छान वाचलंस गं!"

तो निर्मळ स्पर्श शलाकेला सोसेना. "बाईंनी तुलाच वाचायला सांगितलं होतं," ती फटकन बोलून गेली. "मी निरोप दिलाच नाही."

कुमुदनं हात सोडला. सावकाश.

"ठाऊक आहे मला. परवा बाईंनी विचारलं, नको का म्हणालीस. मी म्हटलं, लाज वाटते."

"का? खरं का नाही सांगितलंस?"

"तू पहिल्या बाकावर बसतेस ना गं," कुमुद म्हणाली. "तिथून उठावं लागलं असतं तुला."

आणि ती खाडीपलीकडच्या घरी जायला, शेवटच्या होडीसाठी धक्क्याकडे निघून गेली.

क्षमासुद्धा तिचीच! शब्द तिचा, अर्थ तिचा, औदार्यही तिचंच! शलाका तशीच उभी राहिली. द्वेषानं दग्ध, लाजेनं लाल. समोर खाडीला ओहोटी लागली होती. होडी दूर चालली होती, लहान होत, धूसर होत. आणि किनाऱ्याचं पाणी तिच्यामागून निघालं होतं, हळूहळू, निमूट, उघडा काळा चिखल मागे ठेवत.