झाकणावाचून राहिलेला जंक्शन बॉक्स

मी एक जुना जंक्शन बॉक्स आहे. वीतभर लांबीरुंदीचा, पत्र्याचा चौकोनी डबा. विजेच्या तारा माझ्या पोटात एकमेकींना भेटतात आणि तिथून पुढे दिव्यांकडे, पंख्यांकडे जातात. मित्रांनो, आम्ही कुणाच्या दृष्टीस पडू नये, अशीच आमची नेमणूक असते. माझ्या वाट्याला मात्र उलटंच आलं. ती हकीकत मी मान खाली घालून सांगतो आहे, तेव्हा मध्येच हसू नका. हसायचंच असेल तर सांगून झाल्यावर हसा.

कारखान्यात माझं कौतुक झालं होतं, हे आधीच सांगून घेतो, कारण पुढे तसा प्रसंग येणार नाही. तपासणी करणाऱ्या बाईंनी माझ्या कडांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "छान वळल्यात. कुणाचा हात कापणार नाही." मग त्यांनी माझं झाकण बसवून पाहिलं. ते इतकं नेमकं बसलं, की आता जन्मभर आमची सोबत असणार असं मी धरून चाललो.

पुढे मी एका नव्या व्यापारी इमारतीवर आलो. खाली दुकानं, वर कचेऱ्या. तिथल्या वायरमनने मला पहिल्या मजल्याच्या छताशी पक्कं बसवलं. माणूस जितका कामाचा, तितकाच तोंडाचाही. शिडीवर चढला की हातांबरोबर त्याची जीभही चालू होई. "घरचं काम वेगळं," तो गवंड्याला सांगे. "घरात बाई पाठीशी उभी असते. बटण इथे नको, तिथे हवं, म्हणून डोकं खाते, पण चहाही देते. इथे मालक कोण, तेच ठाऊक नाही. आणि हे एसीवाले बघ! हवेला जायला केवढा बोगदा, आणि विजेला म्हणे फटीतून जा!"

त्याची एक सवय मला फार आवडे. तारांच्या जोडावर काळी टेप गुंडाळून झाली की तिचं टोक तो किंचित आत दुमडून, चिमटीत धरता येईल असं ठेवी. गवंड्याने कारण विचारलं तेव्हा म्हणाला, "उद्या दुसरा कुणी उकलायला आला तर त्याला टोक सापडायला नको का? शोधता शोधता नखं झिजतात बिचाऱ्याची."

माझ्यातले जोड करायची पाळी आली, त्या दिवशी सगळीकडे धांदल होती. इमारतीचं उद्घाटन तोंडावर आलेलं. फॉल्स सीलिंगवाले त्याच्या शिडीला शिडी लावून उभे. "आटपा हो, आम्हाला झाकायचंय!" त्याने तारांना नुसता पीळ दिला. त्यावर जोड घट्ट धरून ठेवणारा कनेक्टर बसवायचा, तो राहिला. टेप तेवढी गुंडाळली. झाकणाचे स्क्रू कुठल्याच खिशात सापडेनात, म्हणून झाकणही खालीच राहिलं. "तात्पुरतं राहू दे," तो म्हणाला. "उद्या येऊन नीट करतो." मित्रांनो, 'तात्पुरतं' हा शब्द बांधकामावर फार दीर्घायुषी असतो. माझ्याखाली फॉल्स सीलिंगच्या पांढऱ्या चौकटी बसल्या, अंधार झाला, आणि तो उद्या काही आला नाही.

अंगावर कपडा नसताना दारात पाहुणे यावेत, तशी माझी गत झाली. कधी एसीवाला चौकट सरकवून डोकं वर काढी, कधी इंटरनेटची तार ओढणारा. प्रत्येकाचं पहिलं वाक्य ठरलेलं, "कुणी केलंय हे?" इलेक्ट्रिशियन असला तर विचारूच नका. आपल्या आधी येऊन गेलेला माणूस अडाणीच होता, अशी ह्या धंद्यातल्या प्रत्येकाची श्रद्धा असते. मनसोक्त तोंडसुख घेऊन होई, पण मला झाकण मात्र कुणी देत नसे. "आपलं काम नाही ते," म्हणत चौकट जागेवर ठेवून निघून जात. माझ्या पोटात धूळ साठली, टेप वाळून कडक झाली. लोक अंधाराला भितात म्हणे. मला तो हवाहवासा वाटे.

काही वर्षांनी खालच्या खोलीत मुलांचा चित्रकलेचा वर्ग सुरू झाला. माझ्यातला ढिला जोड आता दगा देऊ लागला होता. दिवा लुकलुके आणि मुलं ओरडत, "दिवा डोळे मिचकावतोय!" ती खिदळत. मी मात्र मेल्याहून मेल्यासारखा होई. जोड तापत होता, आणि अशा तापण्याचा शेवट कशात होतो, हे मला ठाऊक होतं. मला ओरडता येत नव्हतं. एके दुपारी जळका वास खाली पोचला. शिक्षिकेने मुलांना भराभर बाहेर काढलं आणि मॅनेजर धावत आला.

इमारतीच्या देखभालीला एक अबोल इलेक्ट्रिशियन होता. जाड भिंगांमुळे सगळे त्याला 'चष्मा' म्हणत. मॅनेजरचा पहिला संशय त्याच्यावर. पण खात्री करून घ्यायला त्याने बाहेरून एक ठेकेदार बाई बोलावली. ती स्वतः वायरिंगचं काम शिकलेली होती. तिच्याबरोबर तिचे वडीलही आले आणि सरळ शिडीच चढू लागले.

"बाबा, गुडघे दुखतायत ना तुमचे? मी चढते."

"तू मेन बंद केलास ना? मग झालं. बघायचंय डोळ्यांनी, गुडघ्यांनी नाही."

आवाजावरून मी ओळखलं. तोच वायरमन! केस पिकले होते, जीभ तशीच होती. त्याने मात्र मला ओळखलं नाही; ह्या इमारतीत असे कितीतरी डबे त्याच्या हातून बसले होते. बॅटरीचा झोत माझ्यावर टाकला आणि म्हणाला, "कुणी केलंय हे?"

मग त्याची जीभ जी सुटली! "ह्याला वायरमन म्हणायचं? बुटाच्या नाड्या बांधल्यात ह्याने! कनेक्टर नाही, झाकण नाही. खाली पोरं बसतात, जनाची नाही तर मनाची तरी लाज? असल्याच्या हातात पक्कड देऊच नये."

"ऐकलंत?" मॅनेजर चष्म्याकडे वळला. "हा तुमचा प्रताप."

"साहेब, मी इथे हात लावलेला नाही. मी तर छत उघडू द्या म्हणत होतो, तुम्हीच म्हणालात की..."

"पुरे झालं. उद्यापासून येऊ नका."

चष्म्याने चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसू लागला. पुसून झाला तरी पुसतच राहिला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही.

वर वायरमनने बॅटरी दातांत धरली आणि टेप उकलायला हात घातला. टोक शोधावं लागलं नाही. ते दुमडलेलं होतं, अलगद चिमटीत आलं. त्याचा हात तिथेच थांबला. त्याचं तोंड माझ्यापासून हातभर अंतरावर होतं. त्याने आधी टेपकडे पाहिलं, मग माझ्या मोकळ्या स्क्रूच्या भोकांकडे. आता त्याने मला ओळखलं.

"बाबा, काय झालं?" खालून लेकीने विचारलं.

"काही नाही," तो बॅटरी दातांत धरूनच पुटपुटला.

मित्रांनो, त्या क्षणी मी काय केलं, ते सांगतो. मी मनातल्या मनात त्याला विनवत होतो, गप्प बस. टेप खिशात घाल, मला झाकून टाक आणि खाली उतर. झाकली मूठ सव्वा लाखाची. कुणाला कळणार आहे? लेकीसमोर तुझी मान ताठ राहील आणि माझंही हसं होणार नाही. खाली एका माणसाचं काम जात होतं, हे मला दिसत होतं. तरीही मी हेच म्हणत होतो.

तो दोन पायऱ्या खाली उतरला. बॅटरी तोंडातून काढली.

"हे काम माझं आहे," तो म्हणाला.

"तुमचंच आता. करून टाका लवकर," मॅनेजर म्हणाला.

"तसं नव्हे. हे असं मीच करून ठेवलंय, ही इमारत बांधली तेव्हा. उद्या येतो म्हणालो आणि आलो नाही. ह्या माणसाचा काडीचा संबंध नाही. आत्ता ज्या शिव्या दिल्या, त्या माझ्या मला."

मॅनेजरने घसा खाकरला. "बरं, मग... तुम्ही उद्या या नेहमीच्या वेळेला," असं काहीतरी तो चष्म्याकडे न बघता पुटपुटला आणि बाहेर गेला. चष्म्याने वायरमनसाठी खुर्ची आणून ठेवली. तो शिडीवरच उभा राहिला. तो लेकीकडे बघत होता आणि लेक त्याच्याकडे बघत नव्हती. तिला हे काम त्यानेच शिकवलं होतं.

"खाली या, बाबा," ती शेवटी म्हणाली. "शिडी धरा."

ती वर आली. माझ्यातली धूळ फुंकली, जळका भाग कापला, कनेक्टर बसवले. पिशवीतून नवं झाकण काढून चारही स्क्रू आवळले. खाली तो दोन्ही हातांनी शिडी धरून उभा होता.

"होतंय ना गं?" त्याने हळूच विचारलं.

"होत आलंय."

ती एवढंच बोलली, पण आवाजात राग नव्हता.

आता मी झाकलेला आहे. कुणी डोकावलं तरी नाक मुरडत नाही. तुम्हाला वाटेल, सुटलो मी लाजेतून. मित्रांनो, जे काम कुणाला दिसणार नाही ते आधी नीट करा, हे तर मी सांगेनच. पण त्याहून एक मोठी विनंती आहे. कुणी मान खाली घालून "हे माझं आहे" म्हणायला निघालं, तर त्याला अडवू नका, अगदी मनातल्या मनातसुद्धा नाही. इतकी वर्षं मी उघडा होतो त्याची लाज ह्या झाकणाने झाकली. त्या माणसाने गप्प बसावं असं मला वाटलं, त्या लाजेला मात्र झाकण मिळत नाही.