मागे पडणारं घड्याळ

साल एकोणीसशे चौऱ्याण्णव. त्या वर्षी मी बाटल्यांच्या कारखान्यातून निवृत्त झाले. बत्तीस वर्षं दिव्यासमोर बाटली धरून तडा शोधायचा, एवढंच माझं काम. घरी बसले तरी डोळ्यांची ती खोड गेली नाही. बाटल्या नव्हत्या, म्हणून मी माणसं दिव्यासमोर धरू लागले. पहिली सापडली ती सून.

नात तेव्हा आठ वर्षांची. हनुवटीवर तीळ, म्हणून तिला सगळे ठिपकी म्हणत. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हिला स्वमग्नता आहे आणि जोडीला भीती. दिवस ठरल्यासारखा गेला तर ती ठीक राहील. पण आमच्या घरात दिवस ठरल्यासारखा जाणार कसा? मुलगा बस चालवायचा. यायची वेळ सहाची, पण रस्त्यावरची गाडी ती, कधी सहा, कधी सात. ठिपकी पावणेसहापासून बाबाच्या चपला मांडीवर घेऊन दाराशी बसायची. काटा बारावर गेला आणि जिन्यात पावलं वाजली नाहीत, की दारावर डोकं आपटायची, स्वतःचं मनगट चावायची. आदल्या वर्षी शेजारी दोनदा धावत आले होते.

मग तीन महिने सगळं शांत. बाबा रोज सहाला हजर. मला वाटलं, पोराला अखेर सुबुद्धी झाली.

एके दिवशी कारखान्याचा पाचचा भोंगा झाला. भोंग्याआधी मिनिटभर ठिपकी नेहमी कान झाकून घ्यायची, तशी त्या दिवशीही झाकून बसली होती. सहज भिंतीकडे पाहिलं, तर घड्याळात साडेचार. माझ्या मनगटावर पाच. भोंगा चुकणार नाही, त्यावर मी बत्तीस वर्षं पाय उचललेत. म्हटलं, सेल संपला असेल. सकाळी बघते, तर घड्याळ अगदी बरोबर.

आता आपोआप मागे पडणारं घड्याळ आपोआप पुढे जात नाही. कुठेतरी पाणी मुरत होतं.

मी लक्ष ठेवायला लागले. सून लॉन्ड्रीतल्या कामावरून दोनला यायची आणि बरोबर चारला पिशवी घेऊन खाली जायची.

"काय आणायचंय गं रोज रोज?"

"ब्रेड, आई."

ब्रेड कधी यायचा, कधी नाही. एकदा मी मागोमाग उतरले. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याच्या दुकानात ती फोनला चिकटून उभी. मी वजनकाट्याआड थांबले.

"आज किती? पंचवीस? नक्की ना?" आणि हसली. घरी असं हसताना मी तिला वर्षभर पाहिलं नव्हतं. "तुमच्यामुळे माझा जीव भांड्यात पडतो हो."

माझा मात्र टांगणीला लागला. नवरा दिवसभर रस्त्यावर, बायको फोनवर, घरातलं घड्याळ मागे. म्हणजे उद्या ही अर्धा तास उशिरा आली तरी कुणाला कळणार नाही. सगळं चपखल बसलं.

रविवारी मुलाला म्हटलं, "घरातल्या घड्याळाकडे बघतोस का कधी?"

"आई, सहा दिवस घड्याळच बघतो. रविवारी तरी सोड मला."

"बायकोकडे तरी बघ."

"बघतो की. दमलेली दिसते. तू जरा भांडी घासत जा."

घ्या! म्हटलं, आता पुरावाच ठेवते समोर.

बुधवारी सून चारला गेली, लगेच परत आली. सव्वाचारला ठिपकी बेसिनपाशी हात धुवायला गेली. शंभर मोजेपर्यंत साबण लावायचा, हा तिचा नेम. तेवढ्यात सुनेने स्टूल ओढलं, घड्याळाची काच उघडली आणि काटा मागे फिरवला. चांगला पाऊण तास. मी स्वयंपाकघराच्या दाराआडून पाहिलं. साडेपाचला ती कपडे आणायला गच्चीवर गेली, तशी मी स्टुलावर चढले आणि काटा पुढे लावला. ठिपकी बेसिनशेजारच्या फळीवर, भिंतीकडे तोंड करून बाटल्यांची झाकणं ओळीत मांडत होती. ती कधी कुणाच्या तोंडाकडे बघत नाही, म्हणून मी बिनधास्त.

सून कपड्यांचा ढीग घेऊन आली, तेव्हा घड्याळात सहाला दोन कमी. कपडे तिच्या हातातून खाली पडले.

"आई! घड्याळाला हात लावलात?"

"लावला. तू लावतेस ना रोज?"

"अहो, ते आज पावणेसातला येणार आहेत!"

"तुला कसं गं कळलं? फोनवरच्यानं सांगितलं?"

"हो! डेपोतल्या टाइमकीपरनं. गाडी किती मागे आहे ते रोज त्यांना विचारते. तेवढंच घड्याळ मागे करते, म्हणजे हे आले की घरात सहाच वाजलेले असतात. रात्री परत बरोबर लावते." तिचा आवाज फाटला. "विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

"आधीच का नाही सांगितलंस?"

"तुम्ही म्हणाला असतात, पोरीला फसवतेस."

म्हणाले असतेच.

काटा बारावर गेला. ठिपकी चपला घेऊन दाराशी डोलत होती, तोंडाने एकच सूर चालू. ती दाराकडे बघतच म्हणाली, "आईनं पंचेचाळीस मागे. आजीनं पंचेचाळीस पुढे. कोणाचं खरं?"

आम्ही एकमेकींकडे पाहिलं.

"तुला कसं गं दिसलं?" सुनेने विचारलं.

"आरशात. रोज. काल वीस. परवा दहा." मग मनगट तोंडाशी नेत, मोठ्याने, "कोणाचं खरं?"

बेसिनवरच्या आरशात भिंतीवरचं घड्याळ दिसतं, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. नंतर मी गुडघे वाकवून पाहिलं; तिच्या उंचीवरून लख्ख दिसतं. पोरीला कुणी फसवलंच नव्हतं. काटा किती मागे गेला ते बघून ती बाबाची वेळ काढायची. साडेचार दाखवणाऱ्या घड्याळाखालीही पाचच्या भोंग्याला तिने कान झाकले होते. मी ते पाहिलं होतं, पण माझं लक्ष तड्याकडे.

तिचे दात मनगटावर टेकले होते. घरात आयुष्यभर माझंच खरं असायचं. मी म्हटलं, "आईचं खरं. आजीचं चुकलं."

"आजीचं चुकलं," ती म्हणाली. मनगट तोंडातून निघालं. "स्टूल."

मी स्टुलावर चढले आणि तिच्यासमोर काटा पाऊण तास मागे नेला. सुनेने स्टूल घट्ट धरलं होतं.

मुलगा आला तेव्हा त्या घड्याळात सहा वाजून पाच मिनिटं झाली होती. ती पाच मिनिटं कुणी हिशेबात धरली नव्हती. तेवढा वेळ सून ठिपकीच्या खांद्यांवर जाड गोधडी दाबून बसली, मी दार आणि तिचं डोकं यांच्यामध्ये उशी धरली. मनगटावर दातांचे वळ उठले, रक्त मात्र आलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून घड्याळाला कुणी हात लावला नाही. त्याच्याखाली पुठ्ठा टांगला: बाबा, ६.२०. फोनला एक दिवस सून जायची, एक दिवस मी. पहिल्या दिवशी टाइमकीपर ओरडला, "कोण? मोठ्यानं बोला!" तो साठीला टेकलेला होता, आणि एका कानाने बहिरा.

तो निवृत्त झाला तेव्हा आम्ही तिघी त्याला भेटून आलो. ठिपकी त्याच्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही चार वेळा चुकलात." तो पुढे सहा वर्षांनी गेला. औषधवाल्याने दुकान विकलं, तिथे आता चष्मे मिळतात. मुलाचे गुडघे गेले, बस सुटली. तो दिवसभर घरी असतो आणि जेवायला हाक मारली की उशिरा येतो. सुनेने लॉन्ड्री सोडून डॉक्टरांकडे अशी मुलं घेऊन येणाऱ्या नव्या आयांशी बोलायचं काम धरलं; ती त्यांना आधी विचारते, घरात आरसा कुठे आहे.

ठिपकी एकोणचाळीस वर्षांची आहे. ग्रंथालयात परत आलेली पुस्तकं जागेवर लावते. तिथली लिफ्ट बंद असली की अजूनही घरी परत येते, मग बाबा तिच्यासोबत जिना चढतो.

मी एकोणनव्वद. काल डोळे तपासायला गेले होते, यायला उशीर झाला. आले तर घड्याळाखाली पुठ्ठा टांगलेला: आजी, ५.४०. मी पोचले होते पाच बेचाळीसला. ठिपकी दाराशी उभी होती, हातात माझ्या घरातल्या चपला.

"दोन मिनिटं," ती म्हणाली.

म्हटलं, "चुकलं गं बाई."