ताराचंदशेठची सल्लाबंदी

वर्ध्यात ताराचंदशेठकडे ताडपत्री घ्यायला गेलेला माणूस ताडपत्रीबरोबर सल्लाही घेऊनच बाहेर पडतो. मुलीनं कोणती शाखा घ्यावी, बोअर कुठं मारावी, साडूशी बोलणं ठेवावं की नाही, सगळं शेठ सांगतात. सल्ल्यांची खातेवही काढली, तर दिलेल्यांची बाजू भरगच्च, ऐकलेल्यांची कोरी. अशा माणसाला त्याच्याच लेकीनं गप्प राहायला सांगितलं होतं.

गुंजन गोव्यात नोकरीला गेली आणि तिथं शिडाच्या होड्यांच्या नादी लागली. आता मुंबई ते कोची अशा खोल समुद्रातल्या शर्यतीत ती कप्तान होती, सोबत एकच जोडीदारीण. नाव छत्तीस फुटी, कारखान्यात साच्यातून निघालेली. आत बिछाने, शेगडी. कुटुंबानं सुट्टीत फिरावं अशी, वादळाशी झुंजायला खास बांधलेली नव्हे.

निघताना तिनं बजावलं होतं, "पापा, तुमचा मेसेज मला उपग्रहावरून पोचेल. पण वारा कसा, कुठं वळू, यातलं एक अक्षर जरी बाहेरून आलं तरी मला ते आयोजकांना कळवावं लागेल, आणि आम्ही शर्यतीतून बाद. तीन वर्षांची मेहनत आहे."

शेठनी शब्द दिला. तेव्हा वारा पडलेला होता, हेही लिहून ठेवायला हवं.

तिसऱ्या दिवशी सकाळी अरबी समुद्रातला कमी दाबाचा पट्टा बळावला. शेठच्या मोबाइलवर नकाशा लाल झाला. शर्यतीतल्या नावा त्यावर ठिपक्यांसारख्या दिसत. तीन ठिपके किनाऱ्याकडे वळले. गुंजनचा ठिपका मात्र पश्चिमेला, आणखी खोल पाण्याकडे निघाला, तोही बैलगाडीच्या चालीनं.

तेवढ्यात आंजी गावचे वासुदेवराव वेचलेला कापूस झाकायला ताडपत्री घ्यायला आले. तीस वर्षांचं गिऱ्हाईक, म्हणजे चिडवायचा हक्क असलेलं.

"काऊन शेठ, तोंड काऊन उतरलं?"

"पोरगी उलटी चालून राह्यली. वादळ आलं का किनारा धरावा, हे शेंबडं पोट्टंही सांगते."

"पुरात आपण काठच धरतो म्हना. पन मी समुद्र पाह्यला नाई. तुम्ही पाह्यला काय?"

"पाह्यला. चौपाटीवर."

"कितीक पानी होतं?"

"घोट्याएवढं," शेठ म्हणाले, आणि मेसेज लिहायला लागले.

'बेटा, किनाऱ्याकडे वळ.' अंगठा पाठवायच्या खुणेवर आला. आपलं बरोबर आहे याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. जन्मात कधी आली नव्हती. पण पाठवला तर? पोरगी सुखरूप येईल, तरी बापानं ओढून आणलेली येईल. पुढं कोणत्याही पाण्यात उतरताना आधी वर्ध्याकडे बघेल. शेठनी मेसेज पुसला आणि मोबाइल वासुदेवरावांच्या हातावर ठेवला.

"दुकान बंद होईपर्यंत तुमच्याजवळ राहू द्या. मी मागितला तरी देऊ नका."

"अन माहा कापूस?"

"ताडपत्री आत्ता ऑटोनं आंजीला पाठवतो."

वासुदेवरावांनी मोबाइल बंडीच्या आतल्या खिशात घातला. शेठनी दोरखंडाचं भेंडोळं मोजायला घेतलं. मोजून झालं की पुन्हा पहिल्यापासून. एका बाईनं विचारलं, "कोणती ताडपत्री घेऊ?" शेठ म्हणाले, "तुमच्या मनानं घ्या." दुपारपर्यंत बाजारात पसरलं, ताराचंदशेठची तब्येत बिघडली.

साडेतीनला खिशातला मोबाइल काढून पाहत वासुदेवराव म्हणाले, "ठिपका लयच हळू झाला, शेठ."

"आणा तो मोबाइल!"

"शेठनं देऊ नको म्हनलं."

"अहो, शेठ मीच!"

"थो सकाळचा शेठ. लय पक्का मानूस होता."

शेठनी हात पुढं केला होता तो मागं घेतला, आणि दोरखंड मोजायला लागले.

सव्वापाचला शर्यतीच्या पानावर बातमी आली. वासुदेवरावांनी ती हळूहळू वाचली. किनाऱ्याकडे वळलेल्यांपैकी एक नाव बंदराच्या तोंडाशी, फुटणाऱ्या लाटांत, वाळूच्या दांड्यावर आदळली. माणसं वाचली, नाव गेली. दुसऱ्या दोघींना आत शिरता येईना.

"म्हंजे नावेले पान्याचं भेव नाई," वासुदेवराव म्हणाले. "जमिनीचं हाय."

शेठ स्टुलावर बसले. पुसलेला मेसेज त्यांना अक्षरन्‌अक्षर आठवत होता. म्हणाले, "दुकान बंद व्हायला अजून वेळ आहे. ठेवा तुमच्याजवळच."

दुसऱ्या दिवशी दुपारी गुंजनचा मेसेज आला. 'वारा उतरला. शीड तीनदा दुमडून अगदी लहान केलं होतं, आत उतरायचं दार घट्ट बंद, कमरेचा पट्टा नावेला बांधून आळीपाळीनं सुकाणूवर. किनारा लांब ठेवला म्हणून निभावलं. आता पुन्हा दक्षिणेला निघालो, शर्यत पूर्ण करणार. पापा, एवढ्या वादळातही तुमचा एकही सल्ला नाही. तब्येत बरी आहे ना?'

शेठनी लिहिलं, 'बरी आहे. जपून जा.'

मग शेवटच्या दोन शब्दांकडे ते बराच वेळ पाहत राहिले. हाही सल्लाच की काय, हे विचारायला आज वासुदेवराव नव्हते. त्यांनी ते दोन शब्द पुसले आणि उरलेले पाठवले.