उडीची जागा

"हात मागे टेकू नकोस गं! मनगट जाईल एखाद दिवशी!" उत्तराने कठड्यापासून ओरडून सांगितलं.

बर्फावर बसकण मारलेली शिवांजली मांड्या झटकत उठली. "होतच नाहीये यार आज."

"यार कुणाला?"

"सॉरी मॅम."

"चल, परत."

गुरुग्रामच्या त्या मॉलमधली दुकानं अजून उघडायची होती. सकाळच्या या वेळेला तिथली बर्फावरच्या स्केटिंगची रिंक त्या दोघींचीच असे. नंतर गाणी सुरू होत, वाढदिवसाच्या टोळ्या येत आणि उत्तरा मुलांना प्लॅस्टिकच्या पेंग्विनला धरून उभं राहायला शिकवी. वर्षानुवर्षं तिची नोकरी हीच होती. मग एकदा कँटोन्मेंटमधल्या शाळेची सहल आली. सगळी मुलं कठड्याला चिकटून किंचाळत असताना सात वर्षांची एक मुलगी कठडा सोडून थेट मधोमध गेली, आपटली आणि हसत सुटली. उत्तराने त्याच दिवशी तिच्या वडिलांचा फोन नंबर मिळवला.

वडील शहाजी, फौजेत हवालदार, गाव पाटण तालुक्यातलं. डिसेंबरच्या धुक्यातही ते मुलीला स्कूटरवर बसवून आणत आणि सराव संपेपर्यंत कठड्याशी ताठ उभे राहत. बर्फावरचं त्यांना फारसं कळत नसे, पण शिवांजली पडली की त्यांचा हात आपोआप पुढे होई.

शिवांजली आता तेरा वर्षांची होती आणि गेलं वर्षभर एकाच उडीच्या मागे लागली होती. पुढे तोंड करून उडायचं, हवेत अडीच गिरक्या घ्यायच्या आणि पाठमोरं, एका पायावर उतरायचं. स्वतः उत्तराला ही उडी कधीच साधली नव्हती. शिवांजलीला मात्र ती अधूनमधून साधू लागली होती. साधली की उत्तराच्या अंगावर काटा येई, आणि ती उगाच स्वेटरच्या बाह्या खाली ओढी.

त्या दिवशी सराव संपता संपता मॉलचा मॅनेजर आला. बोलला अगदी गोड.

"मैडम, एक खबर है. महीने के एंड में रिंक बंद कर रहे हैं. बिजली का खर्चा निकलता नहीं. यहाँ ट्रॅम्पोलिन लगेगा. आप टेन्शन मत लीजिए, आपको उसी में अॅडजस्ट कर लेंगे."

"और बर्फ?" तिने विचारलं. विचारल्यावर तिचं तिलाच ते खुळ्यासारखं वाटलं.

"बर्फ का क्या है मैडम, पिघल जाएगी," तो हसून म्हणाला.

उत्तरा दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये वाढली. वडील उल्हास एका मंत्रालयात कारकून होते. तिने टीव्हीवर एकदा बर्फावर नाचणाऱ्या मुली पाहिल्या आणि चाकांच्या स्केट्सवर, क्वार्टर्समागच्या रस्त्यावर, तशाच गिरक्या घ्यायला लागली. दिल्लीत तेव्हा बर्फ फक्त उसाच्या रसात मिळे. उल्हास दर हिवाळ्यात रजा साठवून तिला सिमल्याला नेत. तिथलं बर्फ उघड्या मैदानात, आभाळाच्या मर्जीवर गोठायचं. ढग आले की मऊ पडायचं, ऊन आलं की संपायचं. बाप-लेक पहाटे मफलर गुंडाळून जात आणि ऊन वर येण्याआधी जेवढं साधेल तेवढं साधत. याच सुमाराला उल्हासना नागपूरला बढती मिळत होती. नागपूरहून सिमला लांब पडेल म्हणून त्यांनी ती नाकारली. पुढे पुन्हा मिळाली नाही. ज्यांना त्यांनी काम शिकवलं त्यांच्याच हाताखाली ते निवृत्त झाले. यावर घरात कुणी कधी बोललं नाही. आई प्रमोदिनी तर हे सगळं मनात घेऊनच गेली.

उत्तरा देशात पहिली आली, एकदा नव्हे, सलग काही वर्षं. मग एकोणिसाव्या वर्षी परदेशात आशियाई पातळीवर खेळायला गेली. तिथल्या मुली चालायला लागल्या तेव्हापासून बारा महिने बर्फावर होत्या. उत्तरा दोनदा पडली आणि सगळ्यांत शेवटी राहिली. तिचं संपल्यावर प्रेक्षकांनी भरपूर टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांत एवढी दया होती की ती हॉटेलवर येऊन बाथरूममध्ये नळ सोडून रडली. परत आली तेव्हा उल्हास विमानतळावर हार घेऊन उभे होते. "पुढच्या वर्षी बघ तू," ते म्हणाले. ते पुढचं वर्ष ती खुबा निकामी होईपर्यंत शोधत राहिली.

रिंक बंद व्हायची बातमी शहाजींना कळली त्याच आठवड्यात त्यांची बदलीची ऑर्डर आली. कॉफीच्या काउंटरपाशी ते उत्तराला भेटले.

"मॅडम, बेळगावला रेजिमेंटच्या सेंटरवर बोलावलंय. तिथं गेलो तर नायब सुभेदारीच्या बढतीचं होईल असं साहेब म्हणतात. पण मी अर्ज केला तर दिल्लीतच ठेवतील. लोक म्हणतात, नोएडाकडं नवी रिंक होणार. मग पोरीसाठी थांबतो म्हटलं."

"कोण म्हणतं होणार?"

"सगळेच म्हणतात. दोन वर्षांत."

"शहाजीराव, हे मी बारा वर्षांची असल्यापासून ऐकतेय."

ते हळूच म्हणाले, "तुम्ही सांगाल तसं करतो. मला यातलं काय कळतंय?"

उत्तराला वाटलं, थांबा म्हणावं. एका शब्दाचा तर प्रश्न होता. हा माणूस थांबला असता, कुरकुरही केली नसती. तिच्या डोळ्यांपुढे निवृत्तीच्या दिवशी शाल-नारळ घेऊन बसने घरी आलेले बाबा उभे राहिले.

"जा तुम्ही," ती म्हणाली. "बेळगावला जा."

"म्हणजे पोरीत दम नाही?"

"आहे. माझ्यात नव्हता एवढा आहे. पण दम ठेवायला जागा नाही इथे."

मागे काहीतरी वाजलं. स्केट्स हातात घेऊन शिवांजली उभी होती.

"मॅम, तुम्हीच म्हणालात ना, पुढच्या सीझनला नॅशनल्स?"

"म्हणाले होते."

"मग आता काय झालं? तुमचं नाही झालं म्हणून माझंपण नाही होणार?"

"शिवा!" शहाजी खेकसले.

"बोलू दे तिला," उत्तरा म्हणाली. पण शिवांजलीने बुटांच्या नाड्या एकमेकींत बांधल्या, बूट खांद्यावर टाकले आणि वळून निघून गेली.

शेवटचा रविवार आला. मॉलने निम्म्या दरात तिकिटं लावली होती, त्यामुळे सकाळपासूनच झुंबड होती. शिवांजली येईल असं उत्तराला वाटलं नव्हतं, पण ती आली. केस घट्ट बांधलेले, स्पर्धेसाठी आईने शिवलेला निळा ड्रेस अंगावर. उत्तराशी एक शब्द न बोलता ती बर्फावर उतरली.

उत्तरा मधोमध गेली. "भाईसाहब, बच्चों को साइड में कर लीजिए. बस दो-तीन मिनट. प्लीज." लोक कठड्याला लागले. कुणी मोबाइल वर धरले. शिवांजलीची ठरलेली धून लावायला कुणी नव्हतं. लाउडस्पीकरवर कुठलंतरी लग्नातलं पंजाबी गाणं चालूच राहिलं.

शिवांजलीने त्या गाण्याकडे लक्षच दिलं नाही. मनातल्या तालावर ती फिरू लागली, आणि उत्तराचे ओठ तिच्या प्रत्येक वळणाबरोबर हलू लागले. गिरकी झाली. दुसरी झाली. एवढं स्वच्छ ती कधीच खेळली नव्हती. मग तो लांब वळसा आला, ज्याच्या शेवटी उडी होती. शिवांजलीने वेग घेतला, डावा पाय पुढे टाकला, हात मागे नेले. शहाजींचा हात कठड्यावर आला.

ती उडाली नाही.

उडीच्या जागेवरून ती नुसती सरळ निघून गेली, हात शांतपणे खाली घेत. घाबरली नव्हती ती. उत्तराला तिची भीती ओळखता येत असे. ही भीती नव्हती; उडी तिने ठरवून सोडली होती. तिने उरलेलं सगळं नीट पूर्ण केलं, मधोमध थांबून मान लववली आणि बाहेर आली. कठड्याला लागलेली माणसं पुन्हा बर्फावर लोटली.

"थँक यू, मॅम," ती म्हणाली, परक्या माणसाला म्हणावं तसं. शहाजींनी हात जोडले. दोघं सरकत्या जिन्याने खाली गेली.

उत्तरा दुपारीच दिल्लीतल्या द्वारकेच्या फ्लॅटवर परतली. उल्हास खिडकीशी बसले होते. ऐंशीच्या पुढे गेले होते, हात थरथरत असे.

"आज लवकर?"

"हो. आज लवकर सुटलं." ती त्यांचं ताट वाढायला लागली. वाढता वाढता, त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "बाबा, तुम्ही तेव्हा नागपूरला जायला हवं होतं."

उल्हासनी तिच्याकडे आश्चर्याने पाहिलं. इतक्या वर्षांत कुणी हा विषय काढला नव्हता.

"नागपूरला?" ते म्हणाले. "मग तुला बर्फ कुठे मिळालं असतं गं?"

आणि ते हसले, मनापासून. त्यांच्या चेहऱ्यावर कसलाही पश्चात्ताप नव्हता. तिने तो शोधून पाहिला.

उत्तराने भातावर ताक ओतलं, मीठ घातलं आणि त्यांच्या हातून सांडू नये म्हणून भात आपल्या हाताने कालवून दिला.

"मीठ बेताचं आहे ना?" तिने विचारलं.

"बेताचंच आहे," ते म्हणाले, आणि जेवू लागले.