पट्ट्याच्या आत कोट नको

त्या दिवशी पहाटे पाचलाच माझ्या नातीने, लारिसाने, घर डोक्यावर घेतलं. चार वर्षांची पोर, आणि आज ती पहिल्यांदा स्टेजवर नाचणार होती. डॉफिन शहरातल्या मोठ्या हॉलमध्ये दुपारी दोनला चिमुरड्यांचा नाच होता. माझा मुलगा रोमान अकॉर्डियन घेऊन आदल्या दिवशीच तिकडे गेला होता. मागे राहिलो मी, माझी सून टॅनिस, लारिसा आणि तिचा सात महिन्यांचा भाऊ डानिलो.

बाहेर उणे एकतीस होतं. गाडीचं इंजिन गोठू नये म्हणून रात्रभर विजेच्या तारेला जोडलेलं, म्हणून ती निदान सुरू झाली.

मीही काही कमी खुशीत नव्हते. दोन महिने खपून मी लारिसासाठी मेंढीच्या कातड्याचा कोट शिवला होता. आतून जाड लोकर, बाहेरून लाल-काळं भरतकाम. सकाळी तो अंगात घातल्यावर ती स्वयंपाकघरात गोल गोल फिरत होती.

टॅनिस डानिलोला पातळ लोकरी कपडे चढवत होती. मान वर न करता म्हणाली, "कोट सुंदर झालाय, आई. पण गाडीत तो अंगात नको हं. हॉलपाशी पोचल्यावर घालू."

"अगं, उणे एकतीस आहे बाहेर. पोरीला काय गोठवायचंय?"

"सीटच्या पट्ट्याच्या आत जाड काही नको."

टॅनिस आमच्या गावच्या अग्निशमन दलात स्वयंसेवक आहे. महिन्यातून एकदा लोक गाड्या घेऊन तिथे येतात आणि ही बाई त्यांतल्या लहान मुलांच्या खास सीट तपासते. मला ते ठाऊक होतं, तरी राग आला.

"तुझ्या नवऱ्याला मी गाडीत मांडीवर घेऊन पार ब्रँडन शहरापर्यंत नेत होते. झाला ना चांगला सहा फुटी?"

"झाला. तुमचा रस्ता चांगला होता म्हणून," ती शांतपणे म्हणाली.

मी भांडी आदळायला लागले. टॅनिस कोपऱ्यात गेली आणि लोकांना दाखवायला ठेवलेली जुनी सीट उचलून तिने टेबलावर आणली. "लारू, कोटासकट बस बरं यात."

लारिसा राणीसारखी बसली. टॅनिसने पट्टे ओढून गच्च केले, छातीवरची क्लिप काखेच्या रेषेत आणली. "बघा आई, घट्ट आहे?"

मी ओढून बघितलं. "चांगलं घट्ट आहे की."

तिने बक्कल सोडलं, कोट काढला, पोरीला परत बसवलं आणि पट्ट्यांची लांबी न बदलता बक्कल लावलं. "आता हात घाला."

मी हात घातला. पट्टा आणि पोरीची छाती यांच्यामध्ये माझी अख्खी मूठ गेली.

"धक्का बसला की कोट असा चेपतो," टॅनिस म्हणाली, "आणि मग पोर या एवढ्या फटीतून बाहेर."

मी मूठ तशीच धरून उभी राहिले. मग मीच म्हणाले, "मला दाखव, किती घट्ट हवेत ते."

"खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरता आला नाही पाहिजे."

गाडी आतून उबदार झाल्यावरच आम्ही पोरांना बाहेर नेलं. या खेपेला लारिसाचे पट्टे मी लावले, चिमटीनं चारदा तपासले. मग कोट उलटा करून पट्ट्यांच्या वरून तिच्या अंगावर पांघरला आणि हात बाह्यांत सरकवले. डानिलोला टोपी, आणि बक्कल लावल्यावर वरून माझी गोधडी, तोंड मोकळं ठेवून. मी दोघांच्या मध्ये बसले.

"आजी, मी आधी उजवा पाय टाकते की डावा?"

"उजवा."

"आणि विसरले तर?"

"तर पुढच्या मुलीकडे बघ."

"पुढे मीच आहे," लारिसा म्हणाली. टॅनिस इतकी हसली की आरसा हलला.

अर्धा रस्ता गाणी म्हणण्यात गेला. मग वळणावर झाडीतून मूस बाहेर आला, सांबराच्या जातीचा पण घोड्याहून उंच, आणि रस्त्याच्या मधोमध उभा राहून आमच्याकडे बघत राहिला. टॅनिसने वेग कमी केला, पण खाली डांबरावर न दिसणारा निसरडा, काळा बर्फ होता. गाडी भोवऱ्यासारखी फिरली, मला आकाश दिसलं, मग झाडं, आणि दाणकन आम्ही नाकावर चरात, बर्फात गेलो.

मी आधी डावीकडे बघितलं, मग उजवीकडे. डानिलो झोपेतून जागा होऊन माझ्याकडे रागाने बघत होता. लारिसा आपल्या जागेवरून बोटभरही हलली नव्हती. तिच्या रिबिनींचा मुकुट तेवढा डोळ्यांवर आला होता.

"आई," ती म्हणाली, "परत एकदा फिरव ना."

तेव्हा मी रडले. टॅनिस मागे वळून एका हाताने पोरांना चाचपत होती, दुसऱ्या हाताने माझा गुडघा दाबत होती. "सगळे ठीक आहेत आई. सगळे ठीक आहेत."

मग तिने मदतीसाठी फोन केला, खाली उतरून, धूर गाडीत कोंडू नये म्हणून धूर सोडणाऱ्या नळीभोवतीचा बर्फ फावड्याने बाजूला केला आणि इंजिन चालू ठेवलं. आम्ही गाडीतच बसलो. मी लारिसाला घड्याळ दाखवत नव्हते, पण ती मला दर दोन मिनिटांनी किती वाजले ते विचारत होती.

पाऊण तासाने रस्त्यावरचा बर्फ सारणारा मोठा ट्रक आला. मर्विन खाली उतरला, आमच्या गावातलाच. खिडकीतून आत डोकावून म्हणाला, "कुणाला लागलं का?"

"मला नाचायला उशीर होतोय," लारिसा म्हणाली.

"मग गप्पा कशाला," म्हणून त्याने साखळी लावली. गाडी रस्त्यावर आली. टॅनिसने चारी बाजूंनी फिरून बघितलं, सीट हलवून, पट्टे ओढून बघितले. कुठे चीर नव्हती, पोचा नव्हता. मर्विन पुढे बर्फ उडवत निघाला आणि आम्ही त्याच्या मागोमाग.

हॉलच्या दारात रोमान कोट न घालता उभा होता, चेहरा पांढराफटक. दोनला पाच मिनिटं कमी होती. टॅनिसने त्याला मिठी मारली आणि माझ्याकडे हात केला. "पट्टे आईंनी लावले होते," ती म्हणाली. मी लारिसाचा मुकुट उगाचच सरळ करायला लागले.

पडदा सरकला. लारिसा सगळ्यात पुढे. तिने डावा पाय आधी टाकला, मागच्या अकरा पोरींनीही डावाच टाकला, आणि रोमानच्या अकॉर्डियनवर अख्खी रांग उलट्या दिशेने धावत सुटली. मी खुर्चीवर चढून टाळ्या पिटत होते. मागच्या बाईने खाली बसायला सांगितलं. मी बसले नाही.