दारात पोचेपर्यंतची टिप

वेंडेल जेवता जेवता किराण्याची पावती वाचायचा. एका हातात काटा, दुसऱ्या हातात फोन. बोटाला लागलेलं चीज पडद्यावर फासत तो एकेक ओळ खाली सरकवायचा आणि घास गिळायच्या आतच विचारायचा, आठवड्यात एवढी अंडी कोण खातं म्हणून. तोच खात होता. समोर बसलेली ग्लेंडा त्याच्या हनुवटीवर आलेला पिवळा बलक बघायची आणि तिची अन्नावरची वासनाच उडायची.

लग्नाला चौतीस वर्षं झाली होती, पण हा माणूस दुपारी जेवतो कसा हे तिने या वसंतात पहिल्यांदा पाहिलं. वेंडेल विमा कंपनीत लोकांचे दावे तपासायचा. सकाळी गाडीतूनच कॉफी आणि सॉसेजचं सँडविच, दुपारी ऑफिसशेजारी बर्गर, शुक्रवारी दोघांनी मिळून स्टेक. घरचं जेवण म्हणजे रात्रीचं, तेही आठवड्यातले निम्मे दिवस. मार्चमध्ये करोनामुळे ओहायोत सगळं बंद झालं आणि साहेब लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलावर ठाण मांडून बसले. तेव्हापासून फ्रिजचं दार काही मिटत नव्हतं.

किराण्याचा खर्च दुपटीवर गेला. जाणारच. बाहेर चरणारं तोंड घरात चरायला लागलं होतं. त्याच्या बदल्यात बर्गर वाचले, स्टेक वाचले, पेट्रोल वाचलं, आणि एकूण हिशेबात दोघं फायद्यातच होती. ग्लेंडाने हे त्याला दोनदा समजावून सांगितलं. पण न झालेला खर्च कुठल्या पावतीवर छापून येत नाही, आणि पावतीवर नाही ते वेंडेलच्या लेखी जगातच नव्हतं. बायको उधळी आहे याचा पुरावा त्याला इतक्या वर्षांनी सापडला होता आणि तो सोडायला काही तयार नव्हता. शेवटी किराणा त्याने आपल्या ताब्यात घेतला.

दुकानात पाऊल टाकायची मात्र त्याची छाती नव्हती. तो ॲपवरून मागवायचा. कुणीतरी अनोळखी माणूस त्याच्यासाठी दुकानात रांग लावायचा, वस्तू निवडायचा, स्वतःच्या गाडीत घालून आणायचा आणि पिशव्या पायरीवर ठेवून मागे सरायचा. त्या एप्रिलमध्ये सगळं डेटन शहरच त्या ॲपवर तुटून पडलं होतं. शेजारच्या हार्लनची तीन वाढत्या वयाची पोरं दुधासाठी तीन-तीन दिवस वाट बघत बसायची. वेंडेलचं सामान दोन तासांत दारात यायचं. दर वेळी माणूस नवा असायचा. एकदा आलेलं तोंड पुन्हा कधी दिसलं नाही, पण ग्लेंडाला त्यात काही वावगं वाटलं नाही. ती काचेआडून हात हलवून आभार मानायची. नवऱ्याला एक काम तरी जमतंय म्हणून तिला बरंच वाटत होतं.

मग एका बुधवारी ती कुंपणाशी ट्युलिपच्या वाफ्यात बसली असताना वेंडेलने हार्लनला आपलं गुपित सांगितलं. ऑर्डर देतानाच टिप लिहायची असते आणि ती आणणाऱ्याला आधी दिसते. मग जो तो मोठ्या टिपेची ऑर्डर झडप घालून उचलतो. म्हणून साठ डॉलर लिहायचे. सामान आत घेतलं, दार लावलं, की ॲप उघडून साठाचे शून्य करायचे. पोचल्यानंतरही टिप बदलायची सोय ॲपनेच ठेवली आहे.

"डोकं लागतं, हार्लन," वेंडेल म्हणाला.

हार्लनने थोडा वेळ आपल्या बुटांकडे पाहिलं. "माझी पोरं चार दिवस दुधावाचून मरत नाहीत," एवढं बोलून तो घरात निघून गेला.

ग्लेंडाच्या हातातली माती हातातच राहिली. आपण काचेआडून हात हलवत होतो, तेव्हा पाठीमागे हा सोफ्यावर पडून त्या माणसाचे पैसे काढून घेत होता. गरज सरो, वैद्य मरो ही रीत तिला ठाऊक होती. पण वैद्य अजून अंगणातली गाडी मागे घेत असतानाच त्याला मारायचा, हे तिने कुठे पाहिलं नव्हतं. फ्रिजमधल्या त्या अंड्यांना हात लावायचीसुद्धा तिला किळस वाटली. तरी रात्री तिने त्यांचंच ऑम्लेट केलं आणि दोघांनी खाल्लं.

ती त्याला बोलली नाही असं नाही. माणसं जीव मुठीत धरून दुकानात जातात, आणि तू त्यांना फसवतोस, असं ती म्हणाली. त्यावर त्याने खांदे उडवले. कंपनी त्यांना देते ना पैसे? टिप म्हणजे खुशी, आणि आपण खूश नाही. यापुढे भांडण गेलं असतं, पण ग्लेंडाने ते जाऊ दिलं नाही. कारण होतं रॉबिन.

रॉबिन त्यांची एकुलती एक मुलगी. सिनसिनाटीला एका हॉटेलात काम करायची. हॉटेल बंद पडलं होतं, आणि महिनाअखेरीनंतर भाडं भरायची तिला सोय नव्हती. दोन वर्षांपूर्वी बापाशी वाजल्यापासून ती नाताळलासुद्धा घरी आली नव्हती. आता कुठे रविवारच्या फोनवर दोघं नीट बोलायला लागली होती, आणि ग्लेंडा देवाला साकडं घालत होती की पोरगी एकदा घरी येऊ दे. तिने शिवणयंत्र खालच्या मजल्यावर नेलं होतं, रॉबिनच्या जुन्या खोलीत स्वच्छ चादर घातली होती. अशा वेळी घरात तमाशा नको होता.

रविवारी फोन स्पीकरवर होता. रॉबिनचा आवाज बसलेला होता. आईने खोदून विचारलं तेव्हा ती म्हणाली, तीन आठवडे झाले, मी लोकांचं किराणा सामान पोचवतेय. तुम्हाला सांगायची लाज वाटत होती. काल एका बाईने पंचेचाळीस डॉलर टिप लिहिली होती. पाण्याच्या बाटल्यांची खोकी तिसऱ्या मजल्यावर चढवायची होती, लिफ्ट नव्हती. मी चढवली. खाली येऊन गाडीत बसले, फोन बघितला, तर शून्य.

"पैशांचं एवढं नाही गं आई," रॉबिन म्हणाली आणि रडायला लागली. "त्या बाईने दाराआडून मला थँक यू म्हटलं होतं."

वेंडेलचा चेहरा लाल झाला. त्याने टेबलावर मूठ आपटली. असल्या माणसाला भर चौकात उभं केलं पाहिजे, म्हणाला. नाव सांग त्या बयेचं, पत्ता सांग, मी बघतो तिच्याकडे. त्याचा राग अगदी खरा होता आणि त्याचीच ग्लेंडाला सगळ्यात जास्त शिसारी आली. ती तोंड उघडणार होती. तेवढ्यात पलीकडून नाक ओढत रॉबिन म्हणाली, की बाबा, शुक्रवारी येऊ का मी घरी? आणि ग्लेंडाने तोंड मिटलं.

फोन ठेवल्यावर मात्र तिने त्याला विचारलं, तू दुसरं काय करतोस? तो म्हणाला, ते वेगळं, ही आपली रॉबिन आहे.  पण नंतर त्याने फोन उचलून रॉबिनला दोनशे डॉलर पाठवले आणि पाठवल्याचं ग्लेंडाला दाखवलंही. तिला वाटलं, लागला एकदाचा चटका. त्या दिवशी तिने त्याच्या आवडीचं खिम्याचं मीटलोफ केलं.

मंगळवारी किराणा आला. पिशव्या घेऊन आलेला माणूस म्हातारा होता, दोन पायऱ्या चढून धापा टाकत होता. ग्लेंडा खिडकीशी गेली नाही. तिने पिशव्या आत आणल्या. वळून बघते तर वेंडेल सोफ्यावर पाय लांब करून फोनवर अंगठा फिरवत होता.

"वेंडेल, नको."

"अगं, रॉबिनला दोनशे दिले ना परवा?" तो अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला. "ते कुठून तरी भरून काढायला नकोत?"

 तो चेष्टा करत नव्हता. दुसऱ्याच्या घासातून काढून आपल्या लेकीच्या ताटात वाढायचं, यात त्याला काहीच गैर दिसत नव्हतं, आणि मरेपर्यंत दिसणार नव्हतं. ग्लेंडाने जागच्या जागी रॉबिनला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि फोन त्याच्यासमोर ठेवला.

"तिला सांग, दोनशे कुठून भरून काढतोयस ते."

"हॅलो? बाबा?" रॉबिनचा आवाज आला. "काय झालं?"

वेंडेलने एकदा फोनकडे पाहिलं, एकदा ग्लेंडाकडे. मग एका बोटाने फोन तिच्याकडे सरकवला. "तुझ्या आईलाच काहीतरी सांगायचंय," तो म्हणाला आणि उठून फ्रिजकडे गेला.

मग ग्लेंडानेच सांगितलं. काहीही न लपवता, साठ डॉलरपासून आजच्या म्हाताऱ्यापर्यंत सगळं.  स्वयंपाकघरात वेंडेल चीजचं पाकीट फोडत होता.

"आई," रॉबिन शेवटी म्हणाली, "रविवारी मी रडत होते, तेव्हा तुला हे माहीत होतं?"

खोटं बोलता आलं असतं. शुक्रवारला तीनच दिवस उरले होते.

"हो," ग्लेंडा म्हणाली.

रॉबिनने फोन ठेवून दिला. थोड्या वेळाने आत वेंडेलच्या फोनची घंटा वाजली, आणि तो हातात चीज घेऊन दारात येऊन उभा राहिला. पोरीने दोनशे परत पाठवले, असं सांगताना त्याच्या तोंडावर लपवता न येणारा आनंद होता.