आधी घोडा

कुबातने बोट विजारीला पुसून पुन्हा मोबाईलवर टेकवलं, तरी पडद्यावर चरबीचा फराटा उमटलाच. सरावाच्या बोकडाचं मुंडकं उडवलेलं धड आज चार दिवसांचं झालं होतं. तो कुजका वास नखांत, बाह्यांत, मिशांत जाऊन बसला होता. दोनदा साबण लावूनही जात नव्हता. कुबातला स्वतःचीच शिसारी आली.

पडद्यावरची रशियन बाई गुलाबी चटईवर बसून पायाचे अंगठे पकडत होती. "व्यायाम झाला की सगळं अंग ताणून घ्या," ती हसत म्हणाली. "दुखतंय तिथे श्वास पाठवा."

"तुझ्या घरी पाठव," कुबात पुटपुटला.

हा अकरावा व्हिडिओ. एकात रबराचा पट्टा लागत होता, एकात पांढरीशुभ्र भिंत, आणि सगळ्यांत हे असे दात दाखवणारे लोक. तबेल्यामागच्या गवतावर त्याने पाय पसरले आणि वाकला. हात गुडघ्यांपाशीच अडकले. कमरेतून कळ गेली, तोंडातून शिवी.

रविवारी तलासच्या संघाशी कोकबोरूचा, म्हणजे घोड्यांवरून बोकडाचं धड पळवण्याच्या खेळाचा, सामना होता. धावत्या घोड्यावरून खाली लोंबकळून धड उचलायचं, हे त्याचं काम. आज तीनदा लोंबकळला आणि तीनदा रिकाम्या हाताने वर आला. कप्तान एर्मेक सगळ्यांदेखत म्हणाला होता, "शनिवारी जमिनीवरची टोपी उचलून दाखव. नाही जमलं तर घोडा माझ्या भावाला दे आणि तू कुंपणावर बसून शिट्ट्या मार."

घोडा मात्र मजेत होता. सराव संपल्यावर कुबातने त्याला अर्धा तास हळूहळू फिरवलं होतं, एकेक पाय ओढून मोकळा केला होता, पाठीवर घोंगडं टाकलं होतं, अंग निवेपर्यंत पाणी दाखवलं नव्हतं. वीस वर्षांत यात खंड पडला नव्हता. मग तो स्वतः, तसाच घामेजलेला, गार सावलीत आडवा व्हायचा.

"काय बघतोयस? बायका?"

त्याचे वडील सापारबाय काठी टेकत आले. बुटांना लीद, ओठाखालच्या तंबाखूचा हिरवट ओघळ हनुवटीपर्यंत. कुबातने तोंड फिरवलं. गेल्या वर्षी तो मैदानात पडला, तेव्हा म्हाताऱ्याने आधी घोड्याचे पाय चाचपले होते. ते त्याच्या मनातून गेलं नव्हतं.

"घोडा बरा आहे," तो तुटकपणे म्हणाला.

"घोड्याचं कोण विचारतंय?" म्हाताऱ्याने मोबाईलमध्ये डोकावून नाक मुरडलं. "हिचे पाय ताणून द्यायला कोणी नाही वाटतं घरात. बिचारी." मग काठी टाकून तो गुडघ्यांवर बसला. "पाय दे."

"काय?"

"पाय दे म्हणतो ना!"

एक हात टाचेखाली, एक गुडघ्यामागे घालून त्याने पाय हळूहळू वर ओढला. जीभ टाळूला लावून, घोड्याला चुचकारावं तसं च्यक् च्यक् करत होता. तंबाखूचा भपकारा तोंडावर आला आणि कुबातचं अंग किळसेने आकसलं.

"ताठ होऊ नकोस. तुझ्यापेक्षा घोडं शहाणं, निदान भरवसा तरी ठेवतं."

मग दुसरा पाय, खांदे, मान. कमरेत काहीतरी सैल झालं. कुबातने गवतावर ठेवलेल्या चहाच्या वाटीकडे हात नेला, तर म्हाताऱ्याने हातावर फटका मारला. "आधी अंग निवू दे." आणि घोड्याचं जुनं घोंगडं त्याच्यावर फेकलं.

"हे येत होतं तर इतकी वर्षं..."

"मला बत्तिसाव्या वर्षी संघातून हाकललं. याच कमरेपायी." म्हातारा बाजूला थुंकला. "माणसाला हे कशाला लागतं, असं वाटायचं."

तो उठायला गेला आणि अर्ध्यात अडकला. काठी गवतात लांब पडली होती. कुबातने बसल्या जागीच वाकून ती उचलली. दिली मात्र नाही, बाजूला ठेवली. म्हाताऱ्याला खाली बसवून त्याने लिदीचा बूट ओढून काढला. ओल्या मोज्याची घाण नाकात शिरली, तरी तोही त्याने सोलून काढला. श्वास रोखून त्याने ती सुकलेली टाच तळहातावर घेतली.

"पाय द्या," तो म्हणाला, आणि जीभ टाळूला लावली.